हद्द आणि खळगा

१९४७ सालच्या जून महिन्याच्या आरंभी, न्यूयॉर्कच्या पूर्वेस असलेल्या शेल्टर आयलंड नावाच्या लहानशा बेटावरील रॅम्स हेड या पथिकाश्रमात अमेरिकेतील निवडक भौतिकशास्त्रज्ञ तीन दिवस एकत्र जमले होते. महायुद्ध संपून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, जमलेल्यांपैकी कित्येकांचे हात अणुबाँबच्या कामातून नुकतेच मोकळे झाले होते, आणि युद्धापूर्वी अर्धवट टाकलेले मूलभूत प्रश्न जसेच्या तसे त्यांची वाट पाहत होते. त्या परिषदेत विलिस लँब यांनी सांगितलेली वार्ता ऐकण्यास लहान होती. हायड्रोजनच्या अणूतील ज्या दोन ऊर्जापातळ्या डिरॅक यांच्या समीकरणाप्रमाणे तंतोतंत समान असावयास हव्यात, त्यांच्यामध्ये सुमारे १००० मेगासायकलांचे अंतर आहे, असे त्यांच्या प्रयोगात आढळून आले होते. परिषद आटोपल्यावर हान्स बेथे हे न्यूयॉर्कहून स्कनेक्टडीकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले, आणि त्या प्रवासातच त्यांनी या अंतराचा हिशोब मांडला.

हा हिशोब पूर्वी कोणालाच जमला नव्हता, याचे कारण असे की इलेक्ट्रॉन हा स्वतःच्याच विद्युच्चुंबकीय क्षेत्राशी अखंड देवघेव करीत असतो, त्या देवघेवीत अल्प ऊर्जेच्या लहरींपासून वाटेल तेवढ्या प्रचंड ऊर्जेच्या लहरींपर्यंत सर्वांचा वाटा धरावा लागतो, आणि सर्व वाट्यांची बेरीज अनंत येते. क्रेमर्स यांनी सुचविल्याप्रमाणे बेथे यांनी मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात आधीच अंतर्भूत असलेला भाग वजा केला. उरलेली बेरीज अजूनही अनंताकडेच जात होती, परंतु फार सावकाश. मग त्यांनी इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेपाशी, म्हणजे सुमारे ५ लक्ष ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांपाशी, एक रेषा ओढली. या रेषेपलीकडे आपले समीकरण सापेक्षतेला धरून नाही, तेथे खरा सिद्धान्त बेरीज आपोआप आवरून धरील, अशी त्यांची धारणा होती. उत्तर आले १०४० मेगासायकल.

त्या रेषेला इंग्रजीत कट-ऑफ म्हणतात. मी तिला हद्द म्हणेन, कारण आपल्या जुन्या कागदपत्रांत हा शब्द ज्या अर्थाने येतो तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे: जेथपर्यंत एखाद्या सत्तेचा अंमल चालतो आणि जिच्यापलीकडे तिचे हुकूम लागू होत नाहीत, ती रेषा. बेथे यांनी ओढलेली हद्द ही एका विवेकी माणसाने आपल्या अज्ञानाला दिलेली प्रामाणिक कबुली होती, आणि पुढील पाऊणशे वर्षांत या कबुलीचे रूपांतर भौतिकशास्त्रातील एका स्वतंत्र विषयात कसे झाले, ही हकीकत मला विसाव्या शतकातील विज्ञानाच्या सर्वांत सुंदर हकीकतींपैकी एक वाटते.

प्रथम ही हद्द लज्जास्पद समजली जात असे. फाइनमन, श्विंगर आणि टोमोनागा यांनी अनंतांचा निकाल लावण्याची पद्धत सिद्ध केली, तिच्याबद्दल १९६५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तरीही डिरॅक यांनी ती पद्धत अखेरपर्यंत मनापासून मान्य केली नाही. दृष्टी बदलली ती कॉर्नेल विद्यापीठातील केनेथ विल्सन यांच्यामुळे. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी असे दाखवून दिले की प्रत्येक सिद्धान्ताला एक हद्द असतेच, त्यात लपविण्यासारखे काही नाही, आणि हद्दीपलीकडच्या मुलखाची बारीकसारीक कैफियत अलीकडे पोचतच नाही. पोचतात ते केवळ दोन-चार आकडे, आणि ते प्रयोगाने मोजून घेतले म्हणजे अलीकडचा कारभार निर्वेधपणे चालतो. परंतु या दिलाशाला दोन ठिकाणी तडा जातो. एक ठिकाण म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि दुसरे म्हणजे अदिश क्षेत्रे.

गुरुत्वाकर्षणाची हद्द कोठे आहे हे एका अर्थी १८९९ मध्येच कागदावर आले होते. त्या वर्षी माक्स प्लांक यांनी बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे असे दाखविले की प्रकाशाचा वेग, गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक आणि त्यांनी नव्याने योजलेला स्थिरांक या तिहींपासून लांबी, काल आणि वस्तुमान यांची अशी एकके तयार होतात की जी कोणत्याही राजाच्या हातावर किंवा कोणत्याही धातूच्या पट्टीवर अवलंबून नाहीत. मीटरचे एकावर ३५ शून्ये इतके भाग केले तर त्यांपैकी सुमारे १.६ भाग ही प्लांक यांची लांबी. त्या लांबीशी निगडित असलेली ऊर्जा एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या एककात मोजली तर एकावर १९ शून्यांच्या घरात जाते. जिनेव्हाजवळच्या महाकाय त्वरकात मिळणाऱ्या ऊर्जेच्या ती जवळजवळ दहा लाख अब्जपट आहे.

परंतु ही लांबी म्हणजे केवळ एक एकक नसून खरोखरीची हद्द आहे, हे प्रथम ज्याच्या लक्षात आले त्या माणसाचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. मात्वेई ब्रॉनश्टाइन हे लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत काम करीत; मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके लिहिण्यातही त्यांचा हात धरणारे थोडेच होते. १९३५-३६ मध्ये, वयाच्या तिशीच्या आतबाहेर असताना, त्यांनी असा विचार केला की गुरुत्वीय क्षेत्र एखाद्या अत्यंत लहान जागेत अचूक मोजावयाचे तर मोजणीसाठी लागणारी वस्तू लहान आणि जड अशी दोन्ही हवी. पण वस्तू जितकी जड आणि जितकी लहान करीत जावी तितके तिचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण वाढत जाते, आणि एका मर्यादेनंतर ती स्वतःच्या गुरुत्वीय त्रिज्येच्या आत जाऊन बसते, मग तिच्याकडून कोणतीही वार्ता बाहेर येत नाही. विद्युत्‌क्षेत्राच्या बाबतीत अशी अडचण नाही. म्हणून गुरुत्वाकर्षणाला पुंजसिद्धान्त लावताना अवकाश आणि काल यांच्या रूढ कल्पनाच बदलाव्या लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९३७ च्या ऑगस्टमध्ये स्तालिनच्या पोलिसांनी त्यांना पकडून नेले आणि १८ फेब्रुवारी १९३८ रोजी लेनिनग्राडमध्ये गोळी घालून ठार मारले. त्यांचे वय ३१ होते. त्यांची पत्नी, लेखिका लीदिया चुकोव्स्काया, हिला खोटेच सांगण्यात आले की पत्रव्यवहाराचा हक्क नसलेली दहा वर्षांची शिक्षा झाली आहे. पुंज-गुरुत्वाकर्षणाच्या इतिहासाचे पहिले पान या माणसाचे आहे, आणि ते उलटताना मला अजूनही हात जड झाल्यासारखा वाटतो.

आता अदिश क्षेत्राकडे वळू. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला दिशा नसलेली एकच संख्या जोडली असेल, जशी खोलीतील प्रत्येक जागेला तिचे तापमान जोडलेले असते, तर ते अदिश क्षेत्र. त्या संख्येच्या प्रत्येक मूल्यासाठी अवकाशाला काही ऊर्जा बाळगावी लागते, आणि कोणत्या मूल्याला किती ऊर्जा हे सांगणाऱ्या आलेखाला विभव म्हणतात. हा आलेख डोंगर-दऱ्यांसारखा कल्पावा. क्षेत्र उतारावरून घरंगळते आणि एखाद्या खळग्यात येऊन विसावते. पीटर हिग्ज आणि त्यांचे समकालीन यांनी १९६४ मध्ये कल्पिलेले क्षेत्र असेच आहे, आणि त्याचा १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा कण २०१२ मध्ये सापडला. पण खळग्याच्या तळाची उंची शून्यच असेल असे नाही. ती शून्याहून वर असेल तर रिकाम्या अवकाशालाही ऊर्जा असते, आणि ती ऊर्जा आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपल्या समीकरणात घातलेल्या विश्वस्थिरांकासारखी वागून अवकाशाला फुगवू लागते. अशा फुगत्या, अन्यथा रिक्त विश्वाचे गणित त्याच वर्षी लायडनच्या विलेम डी सिटर यांनी केले होते, आणि आजही ते विश्व त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

येथे हद्द आणि उंची यांची गाठ पडते. निर्वातातील प्रत्येक लहरीला पुंजसिद्धान्ताप्रमाणे थोडीशी ऊर्जा शिल्लक राहतेच, आणि त्या शिलकांची बेरीज कोठपर्यंत करावयाची हे हद्दीवर अवलंबून असते. वोल्फगांग पाउली यांनी इलेक्ट्रॉनच्या जुन्या त्रिज्येपाशी हद्द धरून हिशोब केला, तेव्हा विश्वाचा विस्तार चंद्रापर्यंतही पोचत नाही असे त्यांना आढळले, अशी आठवण सांगितली जाते. हद्द प्लांक यांच्या ऊर्जेपर्यंत नेली तर येणारा आकडा निरीक्षणात दिसणाऱ्या उंचीच्या एकावर सुमारे १२० शून्ये इतक्या पट मोठा निघतो. विल्सन यांनी ज्यांना निरुपद्रवी म्हटले त्या दोन-चार आकड्यांपैकी हा एक आकडा संपूर्ण सिद्धान्ताला वेठीस धरून बसला आहे.

१९८४ च्या उन्हाळ्यात मायकेल ग्रीन आणि जॉन श्वार्झ यांनी तंतुसिद्धान्तातील एक घातक विसंगती स्वतःच मिटते असे दाखविले, आणि जगभरचे तरुण गणिती-भौतिकज्ञ त्या सिद्धान्ताकडे धावले, त्याचे एक मोठे कारण हद्दीचे होते. कण बिंदुवत्‌ नसून सूक्ष्म तंतू असतील, तर त्यांची टक्कर एका बिंदूवर न होता थोडी पसरून होते, आणि अनंत बेरजा आपोआप आटोक्यात येतात. हद्द आता बाहेरून ओढावी लागत नव्हती, तंतूची लांबी हीच हद्द झाली. मात्र त्या देणगीबरोबर एक देणेही आले. सिद्धान्ताला १० मिती लागतात, त्यांपैकी ६ गुंडाळून ठेवाव्या लागतात, आणि त्या गुंडाळीचा आकार व आकारमान ही स्वतःच अदिश क्षेत्रे होऊन बसतात. ही क्षेत्रे शेकड्यांनी निघतात आणि त्यांचे विभव प्रथमदर्शनी सपाट माळासारखे असते. त्या माळावर क्षेत्राला थांबवील असा खळगा कोठेच नसतो. मायकेल डाइन आणि नेथन सायबर्ग यांनी १९८५ मध्येच इशारा दिला होता की जेथे आपले गणित सोपे असते तेथे विभव अनंताकडे हळूहळू शून्यावर उतरत जाणारच, आणि खळगा सापडला तर तो गणित अवघड असलेल्या प्रदेशातच सापडेल. पुढील सर्व वादाचे बीज या एका निरीक्षणात आहे, असे माझे मत आहे.

बारा-तेरा वर्षे हा इशारा थोड्यांच्याच ध्यानात राहिला. खळग्याची उंची शून्य असणार आणि एखादी अज्ञात सममिती ती शून्यावर आणून ठेवीत असणार, अशीच बहुतेकांची समजूत होती. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन स्वतंत्र पथकांनी विश्वाचा विस्तार मंदावत नसून वेग घेत आहे असे जाहीर केले, आणि ती समजूत एका वर्षात ढासळली. उंची शून्य नाही. ती धन आहे, आणि अविश्वसनीय इतकी अल्प आहे. तंतुसिद्धान्ताला आता शून्याच्या किंचित वर असलेला एक खळगा दाखवून देणे भाग होते.

२००१ च्या जानेवारी महिन्यात तंतुसिद्धान्ताची वार्षिक जागतिक परिषद मुंबईत भरली. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिची इमारत होमी भाभांनी उभारविली आणि पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये राष्ट्राला अर्पण केली, तेथे स्टीफन हॉकिंग आले होते, एडवर्ड विटन आले होते. विटन यांनी आपल्या व्याख्यानाचा विषय निवडला तो डी सिटरच्या विश्वातील पुंज-गुरुत्वाकर्षण हा, आणि तंतुसिद्धान्तापासून असे विश्व मिळविण्याचा निःसंदिग्ध मार्ग आपल्याला ठाऊक नाही हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. थोड्याच महिन्यांपूर्वी हुआन माल्दासेना आणि कार्लोस नुन्येझ यांनी सिद्ध केले होते की साध्या, अभिजात घटकांतून असा खळगा निघूच शकत नाही. म्हणजे कुलाब्यात जमलेल्या विद्वानांपुढे आकाशाने मांडलेला एक दाखला होता आणि त्याच्या उलट गणिताने दिलेला एक फैसला होता.

दोन वर्षांनी, २००३ च्या जानेवारीअखेर, या कोंडीला वाट काढणारा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे चार लेखक होते: स्टॅनफर्डचे शमित कचरू, मूळचे मॉस्कोचे आणि १९९० मध्ये स्टॅनफर्डला येऊन स्थायिक झालेले रेनाटा कॅलोश व आंद्रे लिंडे हे दांपत्य, आणि कुलाब्याच्या त्याच संस्थेतील संदीप त्रिवेदी, जे पुढे तिचे संचालक झाले. चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या रचनेला केकेएलटी असे म्हणण्याचा प्रघात पडला. ती रचना तीन पायऱ्यांची आहे आणि प्रत्येक पायरीमागे आधीच्या काही वर्षांचे इतरांचे कष्ट आहेत. एका माणसाच्या प्रतिभेचा चमत्कार म्हणून तिच्याकडे पाहणे अन्यायाचे होईल.

पहिल्या पायरीवर गुंडाळलेल्या मितींच्या पोकळ्यांभोवती चुंबकीय बलरेषांसारख्या बलरेषांचे वेढे घातले जातात. हे वेढे पूर्ण संख्येतच असू शकतात, अर्धा वेढा संभवत नाही, आणि त्यामुळे गुंडाळीचा आकार घट्ट आवळला जातो. स्टीव्हन गिडिंग्ज, कचरू व जोसेफ पोल्चिन्स्की यांनी २००१ मध्ये हे दाखविले होते. परंतु आकार आवळला तरी एकूण आकारमान मोकळेच राहते. दुसऱ्या पायरीवर अत्यंत क्षीण अशा पुंजपरिणामांच्या साह्याने आकारमानही थांबते, आणि विभवाला खरा खळगा पडतो. पण त्याचा तळ शून्याच्या खाली असतो, वर नसतो. तिसरी पायरी सर्वांत धाडसाची. गुंडाळलेल्या अवकाशात नरसाळ्यासारखा निमुळता होत गेलेला एक खोल गळा असतो, ज्याच्या तळाशी गुरुत्वाकर्षणामुळे कोणतीही ऊर्जा फार क्षीण होऊन दिसते. त्या तळाशी ब्रेन या नावाच्या विस्तृत वस्तूची उलट भाराची जोडीदार ठेवली की तिची क्षीण झालेली ऊर्जा संपूर्ण खळग्याला हलकेच उचलते आणि त्याचा तळ शून्याच्या किंचित वर येतो. असा खळगा चिरंतन नाही. पलीकडे डाइन आणि सायबर्ग यांनी सांगितलेला उतार आहेच, मध्ये केवळ एक बांध आहे, आणि पुंजसिद्धान्ताच्या नियमाने क्षेत्र कधीतरी तो बांध पार करून जाईल. परंतु ते घडावयास लागणारा काळ विश्वाच्या आजच्या वयापुढे अपरंपार मोठा आहे.

वेढ्यांच्या संख्या वेगवेगळ्या घेतल्या म्हणजे असे खळगे किती होतात? राफाएल बूसो आणि पोल्चिन्स्की यांनी २००० मध्येच सुचविले होते की खळग्यांची गर्दी इतकी असेल की त्यांपैकी काहींची उंची निरीक्षणाइतकी अल्प निघणे अपरिहार्य आहे. पुढे एकावर ५०० शून्ये हा आकडा सर्वतोमुखी झाला. लिओनार्ड सस्किंड यांनी या अफाट विस्ताराला भूप्रदेश असे नाव दिले आणि आपण या खळग्यात का आहोत याचे उत्तर, इतरत्र आपण असूच शकलो नसतो, असे दिले. अनेकांना हे उत्तर पटले आणि अनेकांना त्यात विज्ञानाचा पराभव दिसला. मला स्वतःला येथे पराभव दिसत नाही. परंतु वाटेल ते मागितले तरी मिळते अशा कोठारापुढे उभे राहिल्यावर मागण्याची शिस्त सुटण्याचा धोका असतो, हे मात्र खरे आहे.

ती शिस्त परत आणण्याचा प्रयत्न हार्वर्डमधून झाला. इराणात जन्मलेले कुमरून वफा यांनी २००५ मध्ये विचारले की वरून सुसंगत दिसणाऱ्या कोणत्याही सिद्धान्ताला गुरुत्वाकर्षण जोडता येते काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. भूप्रदेशाभोवती त्याहून फार मोठी दलदल पसरली आहे. तेथील सिद्धान्त दुरून जमिनीसारखे दिसतात, पण त्यांच्यावर पुंज-गुरुत्वाकर्षणाचा पाय ठरत नाही. पुढच्याच वर्षी हिरोसी ओगुरी यांच्यासह त्यांनी दलदलीची एक खूण सांगितली, आणि हद्दीच्या कल्पनेला मिळालेले नवे वळण ते येथेच.

अदिश क्षेत्र आपल्या मूल्यांच्या प्रदेशात प्लांकच्या एककात मोजलेले बरेच अंतर चालून गेले, तर कोठून तरी हलक्या कणांची एक अखंड माळ खाली उतरू लागते, आणि तिच्या कणांचे वस्तुमान चाललेल्या अंतराबरोबर घातांकी गतीने घटत जाते. याचे सर्वांत साधे उदाहरण ऑस्कर क्लाइन यांच्या १९२६ च्या निबंधातच होते: गुंडाळलेली मिती मोठी करीत गेलो की तिच्याभोवती फिरणाऱ्या लहरी हलक्या होत जातात. गिया द्वाली यांनी २००७ मध्ये दाखविले की कणांच्या जाती जितक्या वाढतात तितकी गुरुत्वाकर्षणाची खरी हद्द खाली येते. जातींची संख्या शंभर झाली तर हद्द प्लांकच्या ऊर्जेच्या दहाव्या भागावर येते, दहा हजार झाली तर शंभराव्या भागावर. हे दोन विचार एकत्र ठेवले म्हणजे असे दिसते की ब्रॉनश्टाइन यांची हद्द एका जागी रोवलेली नाही, क्षेत्र जसे चालते तशी ती सरकते. मुंबईकरांना हे समजावयास कठीण नाही. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या मधली सीमा जेथे होती त्या जागेला शीव म्हणत. वस्ती पसरली, हद्द कोसच्या कोस उत्तरेला गेली, आणि शीव हे नाव शहराच्या पोटात राहिले.

हद्द सरकती आहे असे मानले की विभवावरही बंधन येते, कारण ज्या ठिकाणी हद्द खाली आली आहे तेथे विभवाची उंची हद्दीच्या वर राहू शकत नाही. राहिली तर तेथे आपल्या समीकरणाचा अंमलच उरत नाही. विश्वाच्या आरंभी अदिश क्षेत्राच्या संथ उतारामुळे अवकाश प्रचंड वेगाने फुगले असे मानणारा स्फीतिवाद, ज्याच्या शिल्पकारांत लिंडे यांचे नाव अग्रभागी आहे, त्याच्या काही रूपांना क्षेत्राने लांबचा प्रवास करणे आवश्यक असते, आणि त्या प्रवासावर आता पहारा बसला. २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप दुर्बिणीच्या पथकाने आदिकालीन गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले; एवढ्या ठळक लहरी क्षेत्राच्या लांब प्रवासाकडेच बोट दाखवितात, म्हणून हा प्रवास खरोखरच घडला असे वाटले; परंतु वर्षभराच्या आत ती खूण आपल्याच आकाशगंगेतील धुळीची ठरली.

२०१८ च्या जूनमध्ये जॉर्ज ओबिद, ओगुरी, लेव्ह स्पोदिनेइको आणि वफा यांनी सर्वांत कठोर अटकळ मांडली. विभवाची उंची धन असेल तेथे उतार त्या उंचीच्या एका ठरावीक प्रमाणापेक्षा कधीही कमी असणार नाही. याचा सरळ अर्थ असा की शून्याच्या वर विसावा देणारा खळगा असूच शकत नाही. पंधरा वर्षे ज्याच्यावर भूप्रदेशाची इमारत उभी होती तो पायाच अमान्य झाला. आक्षेप तात्काळ आले. फ्रेडरिक डेनेफ, आर्थर हेबेकर व टिम व्राझे यांनी हिग्ज क्षेत्राच्या टेकडीच्या माथ्याकडे बोट दाखविले, जेथे उंची धन आहे आणि उतार शून्य आहे. बंगळूरच्या सुमित गर्ग आणि चेतन कृष्णन यांनी सुचविले की उतार किंवा माथ्याचा बाक, दोहोंपैकी एक तरी पुरेसा तीव्र असावा, आणि ऑक्टोबरमध्ये ओगुरी, एरान पाल्टी, गॅरी शिऊ व वफा यांनी अटकळीचे दुरुस्त रूप याच धर्तीवर मांडले. त्या निबंधाचे मोल माझ्या मते दुरुस्तीत नाही, युक्तिवादात आहे: क्षेत्र दूर गेले की हलक्या कणांची माळ उतरते, माळेबरोबर अवस्थांची संख्या वाढते, डी सिटरच्या विश्वात मावणाऱ्या अवस्थांची संख्या त्याच्या उंचीवरून ठरते, म्हणून उंचीलाही माळेबरोबर खाली यावे लागते. १९४७ मध्ये आगगाडीत ओढलेली रेषा आणि १९६४ मध्ये कल्पिलेला खळगा एकाच सूत्रात ओवले गेले ते येथे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कचरू आणि त्रिवेदी यांनी आपल्या रचनेची बाजू पुन्हा मांडली, कॅलोश आणि लिंडे यांनीही निराळ्या सहकाऱ्यांसह मांडली. गळ्याच्या तळाशी ठेवलेली ती जोडीदार वस्तू खरोखर स्थिर राहते काय, या प्रश्नावर योसिफ बेना आणि मारियाना ग्रान्या यांनी २००९ पासूनच शंका उपस्थित केली होती. तो वाद मिटलेला नाही. दोन्ही पक्षांची कैफियत वाचली की मन एका बाजूला झुकत नाही. एका पक्षाजवळ रचना आहे, पण तिची प्रत्येक पायरी अवघड गणिताच्या प्रदेशात आहे. दुसऱ्या पक्षाजवळ नियम आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. डाइन आणि सायबर्ग यांनी नेमकी हीच जागा आधी दाखवून ठेवली होती.

निर्णय देण्याचा अधिकार अखेर निरीक्षणाचा आहे, आणि हे निरीक्षण आता हाती येण्याच्या बेतात आहे म्हणून मला हा विषय विशेष प्रिय आहे. खळगा नसेल तर क्षेत्र अजूनही घरंगळत असणार आणि विश्वाच्या विस्ताराला वेग देणारी ऊर्जा, जिला कृष्ण ऊर्जा म्हणतात, ती काळाबरोबर पालटत असणार. अॅरिझोनातील किट पीकवरच्या चार मीटर दुर्बिणीला जोडलेल्या डेसी या उपकरणातले पाच हजार प्रकाशतंतू एकेका दीर्घिकेवर रोखले जातात. २०२५ च्या मार्चमध्ये त्या पथकाने जवळजवळ दीड कोटी दीर्घिका व क्वेसार यांच्या नकाशावरून, इतर निरीक्षणे जोडून, असे कळविले की कृष्ण ऊर्जा स्थिर नसून पालटते याकडे आकडे झुकत आहेत, आणि हा झुकाव निवडलेल्या जोडीप्रमाणे २.८ ते ४.२ सिग्मा आहे; सिग्मा हे तो केवळ योगायोग नसल्याच्या खात्रीचे माप. शोध म्हणावयास ५ सिग्मा लागतात.

दुसरी परीक्षा मेजावर मावणारी आहे. २०२२ मध्ये मिगेल माँतेरो, वफा आणि इरेने वालेन्सुएला यांनी निर्वाताच्या अल्प उंचीवरूनच असे अनुमान काढले की गुंडाळलेल्या मितींपैकी एक मायक्रोमीटरच्या घरात मोठी असावी, आणि तसे असेल तर गुरुत्वाकर्षणाची हद्द प्लांकच्या ऊर्जेपासून घसरून एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या एककात एकावर ९ किंवा १० शून्ये इतकी खाली आलेली असेल. अशी मिती असेल तर तितक्या जवळ आणलेल्या दोन वस्तूंमधील ओढ न्यूटनच्या नियमाहून वेगळी निघाली पाहिजे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एका बारीक तारेला टांगलेल्या नक्षीदार तबकडीचा लोलक वर्षानुवर्षे हेच मोजीत आहे, आणि २०२० मध्ये तेथील मोजणी ५२ मायक्रोमीटरपर्यंत पोचली. तेवढ्या अंतरापर्यंत न्यूटनचा नियम जसाच्या तसा आढळला. आता तबकड्या आणखी जवळ आणावयाच्या आहेत. इतक्या जवळ धुळीचा एखादा कण किंवा पृष्ठभागावरील किंचित विद्युत्भार सारा हिशोब बिघडवू शकतो, म्हणून एकेक मायक्रोमीटर कमी करावयास वर्षे लागतात.